ठमीचा फोटो

आमच्या भागात बाई मेली की हिरवी पैठणी नेसते. हयातीत नेसलेली असो नाहीतर नसो. गळ्यात ठुशी, नाकात नथ, मागे निळं आभाळ. पुरुष मेला की काळा सूट आणि लाल टाय. खर्डीपासून उंबरमाळीपर्यंत, नाहीतर तिकडे माझ्या माहेरी मुरबाडच्या बाजूला धसईपर्यंत, कुणाच्याही घरात शिरा आणि ओटीवरच्या भिंतीकडे बघा. माझं खोटं निघालं तर अनिता नाव लावणार नाही. ती साडी आणि तो सूट आमच्या खर्डीच्या फोटो स्टुडिओतनं जातो. साडी एकच, सूट एकच. वरचं डोकं तेवढं बदलतं.

हसायला येतं ना? हसा. पण दिवसकार्य तोंडावर आलेलं असतं, आईचा धड एक फोटो घरात नसतो, असतो तो आधार कार्डावरचा, त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले. तो घेऊन मुलगा दुकानात येतो आणि म्हणतो, "काकी, चांगला बनवा." चांगला म्हणजे कसा ते त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. कॉम्प्युटरमध्ये बिनडोक्याच्या बायांचं एक फोल्डर आहे, धंद्यात त्यांना बॉडी म्हणतात. कार्डावरचं डोकं कापायचं, बॉडीवर बसवायचं, रंग जरा उजळायचा, डोळे उघडायचे, फ्रेम करायची. झालं काम.

ही डोकी बसवायचं काम माझ्याकडे तीन वर्षं एक पोरगी करत होती. कविता. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली. बाप यमाजी, आई ठमी. पावसात दुसऱ्याच्या शेतात लावणी, दिवाळी झाली की वीटभट्टी. ज्या वर्षी भट्टीवर गेले नाहीत त्या वर्षी लग्नसराईत आमच्या कुणब्यांच्या घरी पाणी भरायला आणि टोप घासायला. पोरगी आश्रमशाळेत वाढली, बारावीला चांगले मार्क पडले आणि शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या बी.एस्सी.ला गेली. त्या वाडीतलं एवढं शिकलेलं पहिलं माणूस ती.

ती माझ्याकडे आली तेव्हा हरेशला जाऊन वर्ष झालं होतं. हरेश माझा नवरा. शहापूर-मुरबाडात ज्यांची लग्नं दहा-पंधरा वर्षांपूर्वी झाली त्यांना विचारा शूटिंगला कोण होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मूलबाळ नाही आम्हाला. लोक म्हणाले, दुकान विक आणि भावाकडे जा. मी म्हटलं, भावाच्या बायकोच्या हातचा चहा मला पचत नाही. मिक्सिंग मला येत होतं, लग्नाच्या शूटिंगमधलं नको ते कापायचं, आवाज काढायचा, वर गाणी टाकायची. पण एकटीने किती करणार? म्हणून बाहेर पाटी लावली, आणि ही आली, सकाळचं कॉलेज करून दुपारी कामाला. एवढीशी, पाठीला दप्तर, आवाज तर असा की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

काम सोन्यासारखं. बोलणं मात्र शून्य. दुपारी डबा उघडायची तो माझ्याकडे पाठ करून. एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काय गो, मी काय नजर लावनार हाय तुझ्या भाकरीला?" तशी वळली, पण मग घासच उतरेना तिच्या घशाखाली. नंतर कळलं, कॉलेजात पोरी गोल करून जेवायला बसायच्या, त्या गोलात हिला कुणी बोलावलं नव्हतं. हाकललंही नव्हतं. वाडीत तिच्या बरोबरीच्या सगळ्या लग्न होऊन गेलेल्या, कडेवर पोरं घेऊन पाण्याला यायच्या, त्यांच्याशी ती काय बोलणार? कॉम्प्युटरचं? मला तिचं कळायचं, कारण मीही दुकान बंद करून घरी गेले की टीव्ही लावायची तो नुसता आवाजासाठी. आम्ही दोघी शेजारी बसून एकमेकींना काही सांगायचो नाही, पण ती आली नाही तर मला दिवस खायला उठायचा.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात प्रोजेक्ट असतो, त्यात तिने एक प्रोग्राम बनवला. एक चेहरा दाखवायचा, की हजार फोटोंतनं त्या माणसाचे सगळे फोटो बाजूला काढून देणार. नवरीच्या मामाला अल्बममध्ये आपण कमी दिसलो म्हणून भांडायचं असलं की फार उपयोगाचा. मी खूश. हिला नोकरी लागणार, आणि ठाण्यात लागली तर खर्डीवरून जाऊन-येऊन करील, रविवारी दुकानात बसेल. माझं सगळं ठरलेलं होतं.

त्याच हिवाळ्यात ठमी गेली. भट्टीवर ताप आला, अंगावर काढला, आणलं तोवर उशीर झाला होता. कविता सुट्टी घेऊन गेली आणि परत आली ती आईचं आधार कार्ड घेऊन. दुसरा फोटो नव्हता. तिच्या मोबाइलमध्येही नाही. मी म्हटलं, "असं कसं? एक पण नाय काढलास?" तर म्हणाली, "मोबाइल वर केला की आई पाठ फिरवायची, काकी. हसायची आणि पाठ फिरवायची."

मी म्हटलं, सगळ्यात भारी फ्रेम घे, माझ्याकडून. हिने जीव ओतून काम केलं. हिरवी पैठणी, ठुशी, नथ. आमच्याकडची सगळ्यात चांगली बॉडी. कपाळावरच्या आठ्या पुसल्या, गालाचे खड्डे भरले, डोळे उघडून दुसऱ्या कुणाचे तरी टपोरे बसवले, कारण कार्डावर धड दिसतच नव्हते. मी पण पाठीमागे उभी राहून सांगत होते, अजून जरा उजळ कर. फोटो झाला तेव्हा मी म्हटलं, आजवरचा हा सगळ्यात चांगला.

दिवसकार्याला मी स्वतः वाडीवर गेले. खिळा ठोकला, फोटो लावला, हार घातला. यमाजी पुढे आला. उंच, वाळलेला माणूस, हात मोठे मोठे. त्याने फोटोला हात जोडले. बराच वेळ बघत राहिला. मग कविताकडे वळून म्हणाला, "चांगला हाय गो फोटू. पन ठमीचा कवा करशील?"

मला वाटलं दुःखाने भ्रमलाय. कविता म्हणाली, "बाबा, ही आयच हाय."

"ही?" तो फोटोच्या अगदी जवळ गेला. "ही कोना पाटलाची बायको हाय."

कविता खाली बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. तिला रडूही आलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत रडले, आणि रडले की मला रागच येतो, तसा यमाजीचा राग आला. पोरीने एवढं केलं, तर गप बसायला काय झालं होतं मेल्याला!

पण तिथून पुढे या पोरीच्या हातून डोकं बसेना. माउस धरून बसून राहायची. गिऱ्हाइकाला नको ते प्रश्न विचारायची. सकुबाई आली होती, आटगावची, सासूचा फोटो करायला. आता घ्यायचं कार्ड आणि द्यायची पावती, तर ही विचारते, "सासूबाई कुठली साडी नेसायच्या?"

सकुबाईने कमरेवर हात ठेवला. "नेसायची काय? फाटका लुगडा. तो लावू काय भिंतीला?"

"पण त्या तशाच होत्या ना?"

"होती तशी होती. जिती असताना नाय नेसली, आता तरी नेसू दे ना गो बाय तिला!"

मी मधे पडले, "नेसवते, नेसवते, उद्या या," म्हणून सकुबाईला वाटेला लावलं आणि मग कविताला जे झापलं, ते समोरच्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेलं असेल. धंदा करायचाय की पोलीस चौकशी? तिने सगळं ऐकून घेतलं, हिरवी साडी उघडली, सासूचं डोकं बसवलं, आणि मग म्हणाली, "काकी, सकुबाईचं पण बरोबर आहे आणि बाबांचं पण बरोबर आहे. मग माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, चहा आण.

मग तिला एक खूळ लागलं. सुट्टीच्या दिवशी घरोघर जायची आणि भिंतींवरचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणायची. कोण मेलं, फोटो कुणी करायला लावला, हिरवी साडी का सांगितली, फोटो देवाशेजारी लावला की दारावर, सगळं विचारायची. कुणी चहा दिला, कुणी ओटीच्या खालीच उभी केली. एका घरात म्हणाले, ठाकराच्या पोरीला आमच्या मेलेल्यांशी काय करायचंय? ते मला तिने सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. मग प्रोग्राम लावून तिने माझ्या पडद्यावर ते सगळे फोटो एकाशेजारी एक मांडले. अहो, पडदाभर हिरव्या बाया! एकच मान, एकच ठुशी, पदराची तीच घडी. मी हे सगळे फोटो स्वतः विकलेले, पण एकत्र कधी बघितले नव्हते. म्हटलं, "बंद कर ते." मग माझं लक्ष भिंतीवर गेलं. तिथे हरेश काळ्या सुटात बसलाय. लग्नातसुद्धा सूट घातला नव्हता त्याने, उकडतं म्हणाला होता.

यातनंच पुढची भानगड निघाली. हैद्राबादच्या एका संस्थेत दोन वर्षांचं शिक्षण आहे, कॉम्प्युटर सायन्स आणि दृश्य मानववंशशास्त्र एकत्र. मी ते नाव तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि तरी माझ्या जिभेला गाठ बसली. म्हटलं, म्हणजे करतात काय? ती म्हणाली, लोक फोटो कशाला काढतात, कसे काढतात, भिंतीवर काय लावतात, काय लपवतात, ते शिकायचं. आणि लाखो फोटो असतील तर ते माणसाने किती बघायचे, म्हणून मशीनला बघायला शिकवायचं. मी म्हटलं, "आणि ह्याला पगार कोन देतो?"

मुलाखत माझ्याच दुकानात झाली, मोबाइल फ्रेमच्या खोक्याला टेकवून. मी शटर अर्धं ओढलं आणि बाहेर पायरीवर बसून एकेकाला परत पाठवत होते. आतनं आवाज यायचा. आधी इंग्रजीत अडखळली, मग त्यांनी हिंदीत बोल म्हटलं असेल. हिरव्या साडीचं सांगितलं तेव्हा पलीकडची माणसं हसली. मग तिने बापाचं सांगितलं, आणि पलीकडे कुणी हसलं नाही. तिला जागा मिळाली, वर शिष्यवृत्तीही.

आणि त्याच आठवड्यात ठाण्याच्या कंपनीतली नोकरीही मिळाली. दोन्हीकडे होय-नाय कळवायचं होतं.

आता सांगा, यात विचार करण्यासारखं काय आहे? बाप एकटा, वाडीवर, आजारी पडला तर पाणी द्यायला कोणी नाही. ठाण्याला गेली तर रोज संध्याकाळी घरी. हैद्राबादला गेली तर दिवाळीला उगवणार. आणि शिकून येणार काय, तर फोटो बघायला! मी तिला म्हटलं, "फोटो बघायला इथे काय कमी हायत?" ती म्हणाली, "काकी, मला जावंसं वाटतं. पण बाबांना टाकून नाय जाणार. नाही म्हणून कळवते." एवढं म्हणून मान खाली घालून पुन्हा कामाला लागली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि तिने अजून कळवलंही नव्हतं. म्हणून मी यमाजीला निरोप धाडला, बाजाराच्या दिवशी दुकानात ये. बापाच्या तोंडून एकदा स्पष्ट 'नको' आलं की पोरगी सुटेल या गुंत्यातनं, असा माझा हिशेब. आणि माझीही सोय. खोटं कशाला बोलू, ती गेली असती तर दुकानात मी आणि बिनडोक्याच्या बाया, एवढंच उरलं असतं.

इथे एक सांगायचं राहिलं. हरेशचं कच्चं शूटिंग. मिक्सिंग करून सीडी दिली की बाकीचे लोक कच्चा माल पुसून टाकतात. हरेश काही पुसायचा नाही. सगळ्या हार्ड डिस्क कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला. तो गेल्यावर मी ते कपाट उघडलं नव्हतं, कारण मिक्सिंगमध्ये आवाज कापलेला असतो पण कच्च्यात तो बोलतो. "नवरीकडे बघा," "मामा, जरा सरका," असं. तो आवाज ऐकायची माझी छाती नव्हती. फोटोचा तो प्रकार घडल्यावर कविताने किल्ली मागितली. म्हणाली, आई लग्नांत कामाला जायची, कुठेतरी मागे दिसेल, कार्डावरचा चेहरा देऊन प्रोग्राम लावते. मी दोन दिवस नाही म्हटलं. मग दिली, एका अटीवर, आवाज बंद ठेवायचा. कित्येक दिवस ते मशीन एकेक लग्न चाळत होतं. ठमी म्हणून त्याने कुठल्या कुठल्या बाया काढून दिल्या. त्यात एकदा माझी नणंद निघाली, तिला कळलं तर जीव घेईल माझा. ठमी काही सापडली नाही.

बाजाराच्या दिवशी यमाजी आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी रानातले करांदे, उकडून खायचे कंद. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर अगदी कडेला बसला. मी विषय काढणार तर दारात कुणीतरी लॅमिनेशनला आलं, मी तिकडे गेले. कविताच्या पडद्यावर लग्न चालू होतं, मुका सिनेमा. कुणाचं लग्न होतं तेही आठवत नाही. मांडव, पंगत, मग कॅमेरा नवरीच्या मागे मागे घराच्या परसात गेला. तिथे चुलाणं, टोप, परातींचा ढीग. कोपऱ्यात दोनतीन बाया ओणव्या होऊन घासत होत्या.

"थांब," यमाजी म्हणाला.

कविताने थांबवलं.

"ठमी."

मी लॅमिनेशन हातात घेऊन तशीच वळले. पडद्यावर एक बाई पाठमोरी. विटकं निळं लुगडं, केसाची गाठ मानेवर सुटत आलेली, कमरेवर मोठा टोप. चेहरा नाही. कानसुद्धा धड दिसत नव्हता.

"कशावरून, बाबा?" कविता म्हणाली. "तोंड तर दिसत नाय."

"कशावरून म्हंजे?" त्याला प्रश्नच कळला नाही. "ठमी हाय ती."

तिने पुन्हा लावलं. नवरी परसात येते, कॅमेरा येतो, उजेड त्या बायांवर पडतो, आणि त्यातली एक टोप उचलते, पाठ फिरवते आणि पडद्याच्या बाहेर निघून जाते. एवढंच. यमाजी म्हणाला, "आवाज नाय ह्याला? बोलती काय ती?"

कविताने माझ्याकडे बघितलं. मी 'लाव' म्हणून मान हलवली. का हलवली ते मला माहीत नाही.

आवाज आला. लांब बँड, जवळ भांडी, कुणीतरी ओरडतंय, मीठ कुठाय. आणि मग अगदी कानाशी, हरेश. माझा हरेश. "ए बाय, सर गो बाजूला. फ्रेममध्ये येतेस."

इतकी वर्षं मी ज्याच्या आवाजाला घाबरले, आणि मनातनं ज्याची वाट बघितली, तो आला आणि काय बोलला, तर यमाजीच्या ठमीला बाजूला सर म्हणाला. मला कुठे बघावं कळेना. त्याचं कामच होतं ते. नवरीच्या शूटिंगमध्ये टोप आलेले कुणाला चालले असते? आणि त्याने सोडलं असतं तरी पुढे मिक्सिंगला मीच कापलं असतं. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि लहान मुलासारखी रडले.

यमाजी उठला. तो काही माझ्यावर चिडला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला होता. "हरेशदादा," तो म्हणाला. "हरेशदादाचा आवाज हाय हा. लई हसवायचा आमाला. नंतर स्वता येऊन बुंदी द्यायचा."

मला बुंदीचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "परत लाव गो." मग आम्ही तिघांनी ते परत परत बघितलं. तो ठमीसाठी, मी हरेशसाठी, आणि कविता आम्हा दोघांकडे बघत होती. लॅमिनेशनवाला बिचारा केव्हाचा निघून गेला होता.

"हा लाव भिंतीला," यमाजी म्हणाला.

"बाबा, पाठ हाय ती."

"मंग? अशीच जायची ती. सकाळच्याला मी उठायच्या आदी अशीच निघायची. मी पाठच बगलीय तिची." मग माझ्याकडे वळला, "तुमी कशाला बोलावलंत, वयनी?"

आता काय सांगू? सांगितलं सगळं. हैद्राबाद, ठाणे, दोन वर्षं. 'तू नको म्हण' एवढं मात्र तोंडातनं निघेना. त्याने ऐकून घेतलं आणि पोरीला विचारलं, "काय शिकवतात थितं?"

कविता आधी तेच पुस्तकातलं सांगायला लागली, मग थांबली. पडद्याकडे बोट केलं. "फोटोत जी मानसं हायत पण कोनी बगितलीच नायत, ती बगायला शिकायचं. आनि मशीनला पण शिकवायचं."

"मशीनला नाय दिसली ठमी?"

"नाय. त्याला तोंडच पायजे."

"पाठ वळखायला शिकवशील त्याला?"

"मायती नाय, बाबा. बघीन."

यमाजीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिचा बंद तो हाताला गुंडाळत राहिला, सोडत राहिला. "मंग जा," म्हणाला.

"तुमी एकटे पडाल."

"पडन. तसा आता बी एकलाच हाय. तू संध्याकाली येतेस, जेवतेस, निजतेस. आयचं नाव तू काढत नाय, मी काढत नाय. आज काढलं." त्याने पिशवीचा बंद हाताला करकचून आवळला. "मला भ्या वाटतं एकल्याला. वाटू दे. जा तू."

माझा हिशेब असा पार उलटा झाला. मीच बोलावून आणला आणि मीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. संध्याकाळी तिने माझ्याच कॉम्प्युटरवरून हो कळवलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "तिकडे डबा तोंड करून खा. पाठ करून नको."

ती गेली. कल्याणला गाडीवर सोडायला यमाजी आणि मी दोघं गेलो होतो. गाडी सुटल्यावर तो प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उभा होता. दुकानात मी आता एकटी. डोकी मीच बसवते, हिरव्या साडीवरच, कारण लोकांना तीच हवी असते आणि सकुबाईचं मला अजून पटतं. फक्त एक करते. साडी लावायच्या आधी विचारते, त्या कशा होत्या हो? लोक उभ्या उभ्या सांगायला लागतात आणि मग लवकर हलत नाहीत. मला तेवढीच सोबत.

यमाजीच्या घरात आता तो फोटो आहे. विटकं निळं लुगडं, सुटलेली गाठ, कमरेवर टोप. पाहुणे विचारतात, हा कसला फोटो, तोंड कुठाय? तो म्हणतो, ठमी हाय. पाटलिणीचा पण त्याने काढला नाही, शेजारीच ठेवलाय. म्हणतो, पोरीनं केलाय, असू दे.

बाजाराच्या दिवशी तो दुकानात येतो. त्याच्याकडे साधा फोन आहे, त्याला रेंज नसते, म्हणून माझ्या मोबाइलवर कविताचा व्हिडिओ कॉल. दर वेळी तेच. मी मोबाइल त्याच्या हातात देते, तो बघतो, हसतो, आणि ती "बाबा" म्हणाली की सरळ कानाला लावतो. मी ओरडते, "अरे यमाजी, तोंडासमोर धर! तिला तुझं तोंड दिसायला पायजे!" तो समोर धरतो. ती बोलायला लागली की पुन्हा कानाला. परवा तर ती सांगत होती की तिकडे एक मैत्रीण झालीय, दोघी मिळून जेवतात, आणि हा मोबाइल कानावर घट्ट दाबून डोळे मिटून ऐकत बसला होता. मी चिडून तो हातातनं ओढायला गेले.

तेवढ्यात मोबाइलमधनं तिचा आवाज आला, "राहू दे काकी. कान दिसतोय ना. बाबाच हायत."

मग मी हात मागे घेतला आणि चहा ठेवायला आत गेले.